कधीकाळचे दुसरे नागरिकत्व आणि अमेरिकेतले सिक्युरिटी क्लिअरन्स

संरक्षण खात्याचे काम करणाऱ्या कंपनीत नोकरी मिळते, ऑफर लेटरवर ‘सीक्रेट क्लिअरन्स (सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी) मिळण्याच्या अटीवर’ अशी ओळ असते, आणि घरात चर्चा सुरू होते: आपण एके काळी दुसऱ्या देशाचेही नागरिक होतो, ते आता आडवे येणार का? अमेरिकेतल्या मराठी वाचकांचे या विषयावरचे काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

उत्तरे समजायला दोन-तीन नावे माहीत हवीत. निर्णय ज्या नियमांवर होतो तो निर्देश ‘सीड-४’. तो ८ जून २०१७ पासून लागू आहे. त्यात ए ते एम अशा १३ गाइडलाइन्स आहेत. दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वाचा विचार ‘सी’खाली होतो, परदेशातली नाती आणि मालमत्ता ‘बी’खाली, आणि खरेखोटेपणा ‘ई’खाली. भरायचा अर्ज एसएफ-८६. तो आता डीसीएसए या पार्श्वभूमी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या ई-अ‍ॅपवर भरला जातो.

प्रश्न : माझा जन्म १९९९ मध्ये ह्यूस्टनला झाला. आईवडील तेव्हा भारतीय नागरिक होते. त्यांनी वाणिज्य दूतावासात माझी नोंद केली आणि माझा भारतीय पासपोर्ट काढला. दोन वर्षांचा असताना आम्ही पुण्याला परतलो. बारावीनंतर मी अमेरिकेच्या पासपोर्टवर इकडे आलो. भारतीय नागरिकत्व मी कधी सोडले नाही, पण आता ते आहे असेही वाटत नाही. अर्जात काय लिहू? — एक वाचक, व्हर्जिनिया

तुम्ही खऱ्या अर्थाने पूर्वीचे दुहेरी नागरिक आहात. भारतात असे होतच नाही, अशी पक्की समजूत असल्यामुळे तुमच्यासारखे अनेक जण अर्जाच्या कलम १० मध्ये, दुहेरी नागरिकत्वाच्या प्रश्नाला, सरळ ‘नाही’ लिहून मोकळे होतात. तिथेच चूक होते.

जन्माने तुम्ही अमेरिकेचे नागरिक झालात. आईवडील भारतीय नागरिक असल्यामुळे १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ खाली वंशपरंपरेने भारताचेही झालात. याच कलमाचे ४(१ए) हे पोटकलम असे सांगते की, असा अज्ञान मुलगा दुसऱ्याही देशाचा नागरिक असेल आणि सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते दुसरे नागरिकत्व सोडले नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. तुम्ही २०१७ मध्ये अठराचे झालात आणि अमेरिकेचे नागरिकत्व सोडले नाहीत. म्हणजे अठरा वर्षे सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी भारतीय नागरिकत्व आपोआप गेले. अर्ज करावा लागला नाही, सही करावी लागली नाही, म्हणून ते गेल्याचे लक्षात आले नाही.

एसएफ-८६ च्या कलम १० मधला प्रश्न ‘आत्ता किंवा कधीही’ असा आहे. म्हणून उत्तर ‘हो’. देश भारत, मिळाले कसे, तर आईवडिलांमुळे, कालावधी जन्मतारखेपासून अठरा वर्षे सहा महिने पूर्ण होईपर्यंत. नागरिकत्व सोडण्यासाठी काही केले का, या प्रश्नाला ‘नाही’ आणि त्याखाली एक वाक्य: भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ४(१ए) नुसार अमुक तारखेला आपोआप संपुष्टात. तपास अधिकाऱ्याला एवढे पुरते. लांबलचक खुलासा जोडू नका.

त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात परदेशी पासपोर्टांची माहिती मागतात. इथेही ‘कधीही’ आहे, त्यामुळे दोन वर्षांचे असताना वापरलेला छोटा पासपोर्टही लिहायचा: क्रमांक, दिल्याची व संपल्याची तारीख, दिल्याचे ठिकाण, आणि त्यावर कुठे प्रवास केला. पासपोर्ट सापडत नसेल तर नंतर काढलेल्या भारतीय पासपोर्टचे शेवटचे पान पाहा. आईवडिलांच्या नावांखाली ‘जुना पासपोर्ट क्रमांक, तारीख व ठिकाण’ छापलेले असते. हरवलेल्या पासपोर्टचा माग बहुतेक वेळा तिथेच लागतो.

मंजुरीची चिंता करण्याजोगे यात फार काही नाही. नागरिकत्व केवळ आईवडिलांमुळे किंवा परदेशात जन्म झाल्यामुळे मिळाले असेल आणि त्या देशाला झुकते माप दिल्याचा पुरावा नसेल, तर तो मुद्दा शिथिल करता येतो, असे गाइडलाइन सीमध्येच लिहिले आहे. दोन वर्षांच्या मुलाला कोणत्या पासपोर्टवर अमेरिकेबाहेर नेले, याचा जाब त्याला कोणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. अठरा वर्षांनंतर पुण्यातून प्रौढ म्हणून भारतीय पासपोर्ट नव्याने काढला होता का? त्या अर्जात दुसऱ्या देशाचे नागरिकत्व नसल्याचे लिहून दिले असेल, तर विषय गाइडलाइन सीपुरता राहत नाही. सरकारी कागदावर खोटे लिहिल्याचा होतो. तसे असेल तर एसएफ-८६ पाठवण्याआधी क्लिअरन्सची प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाला दाखवा. तसे नसेल तर जुना पासपोर्ट भारतीय दूतावासाच्या प्रक्रियेने जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

प्रश्न : आम्ही उभयतांनी २०१२ मध्ये अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली. भारतीय पासपोर्ट जमा केले थेट २०१९ मध्ये. मधली सात वर्षे आम्ही दुहेरी नागरिक होतो, असे धरायचे का? २०१४ मध्ये एकदा भारतात उतरताना भारतीय पासपोर्टच दाखवला होता. — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायद्याचे कलम ९ या बाबतीत स्पष्ट आहेत: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. ज्या दिवशी हात वर करून शपथ घेतली, त्याच दिवशी ते संपले. सरेंडर सर्टिफिकेट हा झालेल्या गोष्टीचा कागद आहे; त्याच्या तारखेला नागरिकत्व जात नाही. म्हणून कलम १० च्या पहिल्या भागात भारतापुरते उत्तर ‘नाही’, आणि टिप्पणीच्या जागी शपथेची व सर्टिफिकेटची अशा दोन्ही तारखा. सर्टिफिकेटची तारीख पाहून ‘२०१२ ते २०१९ दुहेरी नागरिक’ असे लिहिणारे बरेच असतात. त्यातून जे कधी नव्हतेच त्याचा खुलासा करत बसायची वेळ येते.

२०१४ चा प्रवास मात्र लिहाच. शपथेनंतर भारतीय पासपोर्ट वापरणे भारताच्या पासपोर्ट कायद्याविरुद्ध आहे. अमेरिकेच्या बाजूने पाहिले जाते ते अमेरिकेतून निघताना आणि परत येताना कोणता पासपोर्ट दाखवला, हे. अमेरिकन नागरिकाने देशाची सीमा अमेरिकन पासपोर्टवरच ओलांडावी असा कायदा आहे, आणि तसे न करणे गाइडलाइन सीमध्ये चिंतेची बाब म्हणून वेगळे नोंदवले आहे. तुम्ही इकडे अमेरिकन पासपोर्ट वापरला असेल, पुढे भारतीय पासपोर्ट जमा करून त्याबद्दलचा दंडही भरला असेल, तर एवढ्या जुन्या एका प्रवासावरून क्लिअरन्स अडण्याचे कारण उरत नाही. दंडाची पावती जपून ठेवा.

याच संदर्भात एक जुना सल्ला अजून मराठी मंडळांच्या स्नेहसंमेलनांत ऐकू येतो: ‘परदेशी पासपोर्ट कापून टाका, म्हणजे प्रश्न मिटला.’ त्याला आधार होता. ऑगस्ट २००० मध्ये संरक्षण खात्याने काढलेल्या आदेशानंतर परदेशी पासपोर्ट परत केल्याशिवाय किंवा तो बाळगायला रीतसर मंजुरी असल्याशिवाय क्लिअरन्स मिळत नसे. २०१७ च्या नियमांनी ते बदलले. आता पासपोर्ट असणे दोषाचे नाही; सांगायला हवे तेव्हा तो न सांगणे दोषाचे आहे. शिवाय भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो कापला तर सरेंडर सर्टिफिकेट मिळवताना नवी अडचण उभी राहते आणि तुमच्याच प्रवासाचा पुरावा हातचा जातो.

प्रश्न : ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व का? — एक वाचक, डॅलस

नाही. नावात ‘सिटिझन’ आहे, पण ओसीआयधारकाला भारतात मतदान करता येत नाही, घटनात्मक पदे घेता येत नाहीत, शेतजमीन विकत घेता येत नाही. व्यवहारात तो आजीव व्हिसा आणि भारतात राहण्या-काम करण्याची सवलत आहे. तो पासपोर्टही नाही. तरीही कार्डाचा उल्लेख टिप्पणीत करा आणि मुलाखतीत विचारले तर हाच फरक दोन वाक्यांत सांगा. नाव वाचून अधिकारी विचारतातच, आणि अर्जात ते आधीच लिहिलेले दिसले की चर्चा तिथेच थांबते.

प्रश्न : मी मूळचा डिचोलीचा. आजोबांचा जन्म पोर्तुगीज काळातला, म्हणून वडिलांची आणि मग माझी लिस्बनला नोंद झाली. पोर्तुगीज पासपोर्टवर आधी इंग्लंडला, नंतर लग्नामुळे अमेरिकेत आलो आणि गेल्या वर्षी इथला नागरिक झालो. क्लिअरन्ससाठी पोर्तुगीज नागरिकत्व सोडावेच लागेल का? — एक वाचक, मॅसॅच्युसेट्स

सोडावेच लागेल असा नियम नाही. सीड-४ मधले वाक्य असे आहे की, अमेरिकन नागरिकाकडे दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व असणे एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. अमेरिकेच्या हिताशी प्रत्यक्ष संघर्ष किंवा लपवण्याचा प्रयत्न दिसायला हवा. पोर्तुगाल नाटोच्या संस्थापक देशांपैकी आहे. ज्या देशापासून सुरक्षेला धोका कमी, त्याच्याशी असलेला संबंध शिथिल धरता येतो, हेही गाइडलाइन सीमध्ये आहे.

गोव्याच्या वाचकांची गुंतागुंत तिपेडी असते, आणि ती तपास अधिकाऱ्याला माहीत असेलच असे नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो आणि त्यांच्या मुला-नातवंडांना त्या आधारे नोंद करता येते. भारताने १९६२ च्या आदेशाने गोवेकरांना भारताचे नागरिक मानले. पुढे कोणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारताच्या कायद्याने त्याचे भारतीय नागरिकत्व गेले. तेव्हा तुमचा क्रम असा मांडा: जन्मापासून भारतीय; पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावर भारतीय संपले; गेल्या वर्षीपासून पोर्तुगीज आणि अमेरिकन दोन्ही. कलम १० मध्ये दुहेरी नागरिकत्व दाखवायचे ते पोर्तुगालचे. तिथल्या कालावधीच्या रकान्यात नोंदीची तारीख घाला, पासपोर्टची नको. पासपोर्टच्या आधी नोंद होते आणि लिस्बन तुम्हाला नागरिक मानते ते नोंदीच्या आधारे. केवळ नोंद करून ठेवली, पासपोर्ट काढलाच नाही, असे गोवेकरही पुष्कळ आहेत. त्यांनीही पहिल्या भागात ‘हो’ लिहावे. पोर्तुगीज नागरिक-ओळखपत्रावर युरोपीय संघात प्रवास करता येतो, म्हणून ‘प्रवासासाठीचे ओळखपत्र’ या शब्दांत तेही येते. पासपोर्टसोबत त्याचाही क्रमांक द्या.

तुमची बाजू आणखी एका कारणाने भक्कम आहे. दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वाचे हक्क अमेरिकन होण्यापूर्वी वापरले असतील, तर त्याला स्वतंत्र सवलत आहे. इंग्लंडमधली वर्षे त्यात बसतात. शपथेनंतर पोर्तुगीज पासपोर्टचे नूतनीकरण केले असेल, तर ही सवलत त्या कृतीला लागू होणार नाही. दोष नाही, पण कारण सांगता आले पाहिजे. उलट, अमेरिकन झाल्यावर, त्यातही क्लिअरन्स मिळाल्यावर, पोर्तुगीज नोंदीसाठी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने आधी आपल्या सुरक्षा अधिकाऱ्याला कळवले पाहिजे. सीड-३ हा वेगळा निर्देश सीक्रेट स्तरालाही ते बंधनकारक करतो: परदेशी नागरिकत्वासाठीचा अर्ज, ते मिळणे, परदेशी पासपोर्टचा अर्ज, तो बाळगणे व वापरणे, हे सगळे कळवायचे.

नागरिकत्व सोडायचेच ठरवले, तर १९८१ च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायद्याच्या (क्र. ३७/८१) कलम ८ खाली, दुसऱ्या देशाचा नागरिक असलेल्याला तशी घोषणा करता येते. ती वाणिज्य दूतावासात केली तरी लिस्बनच्या केंद्रीय नोंदणीत उतरावी लागते. तोपर्यंत तुम्ही ‘माजी’ नाही. आमचा सल्ला असा की, आधी विचारल्याशिवाय घाई करू नका. गरज पडल्यास सोडण्याची तयारी आहे, असे मुलाखतीत सांगणे हाही गाइडलाइन सीमध्ये जमेचा मुद्दा आहे. एकदा सोडले की मुलाबाळांचाही युरोपातला रस्ता बंद होऊ शकतो. मात्र तयारी असेल तरच तसे म्हणा. लिहून दिलेले शब्द फायलीत राहतात.

प्रश्न : नागरिकत्वाचे कागद स्वच्छ आहेत. पण आई साताऱ्याजवळ गावी असते, भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, आणि वडील गेल्यावर सातबारावर वारस म्हणून माझेही नाव लागले आहे. याचा काही संबंध येतो का? — एक वाचक, मेरीलँड

येतो, आणि बहुतेक मराठी अर्जदारांच्या बाबतीत नागरिकत्वापेक्षा जास्त येतो. पूर्वीचे नागरिकत्व म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. आई, भाऊ आणि जमीन आजच्या गोष्टी आहेत. गाइडलाइन बी विचारते ते एवढेच: या नात्यांच्या किंवा मालमत्तेच्या आधारे तुमच्यावर कोणी दबाव आणू शकेल का?

भावापासून सुरू करू. कलम १८ मध्ये आईवडील, भावंडे, मुले, सासू-सासरे यांची माहिती लागते, हयात नसलेल्यांचीही. नातलग परदेशी सरकार, सैन्य, गुप्तचर किंवा संरक्षण उद्योगाशी संबंधित आहे का, असा उपप्रश्न आहे. जिल्हा परिषद ही सरकारी संस्था. म्हणून ‘हो’, आणि पुढे ‘प्राथमिक शाळेतील शिक्षक, संरक्षणाशी संबंध नाही’. ‘शाळामास्तर म्हणजे कसला सरकारी माणूस’ म्हणून सोडून दिलेला हा रकाना नंतर मुलाखतीत उघडतो. हाच नियम वीज मंडळातून निवृत्त झालेल्या काकांना लावायचा का? काका कलम १८ मध्ये येत नाहीत. त्यांच्याशी गेल्या सात वर्षांत जिव्हाळ्याचा, सततचा संपर्क असेल तर ते कलम १९ मध्ये येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या ग्रुपमधली सगळी नावे लिहायची गरज नाही. ज्यांच्याशी खरी जवळीक आहे ती लिहा.

तुम्ही स्वतः भारतात सरकारी खात्यात, सैन्यात किंवा सरकारी संशोधन संस्थेत काम केले असेल, तर ते कलम १५ मध्ये वेगळे विचारले आहे.

आता जमीन. परदेशातली स्थावर मालमत्ता तुमची कधी होती का, आहे का, मिळण्याची अपेक्षा आहे का, असे तिन्ही काळ कलम २०ए मध्ये विचारतात, आणि जोडीदाराचेही. सातबारावर नाव आहे म्हणजे मालमत्ता आहे, मग उत्पन्न भाऊ घेत असो. महाभूलेखवर गट क्रमांक टाकून आजचा उतारा काढा, फेरफार क्रमांक लिहून घ्या, आणि तुमच्या हिश्शाची किंमत रेडीरेकनरच्या दराने काढून डॉलरमध्ये मांडा. क्षेत्र गुंठ्यांत नको, एकरांत द्या. ४० गुंठे म्हणजे एक एकर. नाव अजून लागलेले नाही पण वडिलोपार्जित शेतीत हिस्सा आहे, अशांनी ‘मिळण्याची अपेक्षा’ या भागात लिहावे. २००५ पासून मुलींनाही जन्मतः हिस्सा आहे, हे महिला अर्जदारांनी विसरू नये.

ही जमीन किती जड जाईल, हे तुमच्या अमेरिकेतल्या मालमत्तेशी तुलना करून ठरते. मेरीलँडमधले घर, निवृत्तीचा निधी, बचत यांच्या मानाने सातारची दोन एकर किरकोळ असेल, तर तो मुद्दा शिथिल होतो. म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे एका कागदावर तयार ठेवा. क्लिअरन्ससाठी म्हणून घाईने हक्कसोडपत्र करू नका. ते नोंदणीकृत असते, परत फिरवता येत नाही, आणि मनात नसताना केले तर भावाभावांत कायमची अढी राहते.

बँकेची खाती याच्याशीच जोडलेली आहेत. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फिनसेनचा (अमेरिकी अर्थखात्यातल्या यंत्रणेचा) फॉर्म ११४, भरावा लागतो. आईच्या मुदत ठेवीत केवळ सोयीसाठी घातलेले तुमचे नावही त्यात मोजले जाते. अर्जात खाते दिसते आणि एफबार भरलेला नाही, अशी जोडी सापडली की आर्थिक जबाबदारीची गाइडलाइन एफ उघडते.

आणखी एक जागा, जी कोणी पाहत नाही: मतदार यादी. अमेरिकन झाल्यावर गावच्या यादीत नाव ठेवायचा हक्क राहत नाही, पण ते वर्षानुवर्षे तसेच असते. फॉर्म ७ भरून ते काढा. परदेशातल्या निवडणुकीत कधी मतदान केले का, हा प्रश्न कलम २०बी मध्ये आहे. शपथेपूर्वीचे मतदान ‘हो’ म्हणून लिहा, ते निरुपद्रवी आहे. शपथेनंतरचे मतदान ही मात्र गंभीर बाब आहे.

प्रश्न : अर्ज पाठवल्यावर आठवले की जुना भारतीय पासपोर्ट लिहायचा राहिला. आता? — एक वाचक, सॅन दिएगो

आजच कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारण्याआधी स्वतःहून सांगा. गाइडलाइन ईमध्ये सवलत आहे ती तोंडावर पुरावा ठेवण्यापूर्वी, तत्परतेने आणि प्रामाणिकपणे केलेल्या दुरुस्तीला. विचारल्यावर ‘अरे हो’ म्हटले तर ती मिळत नाही. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा संघराज्य कायद्याने गुन्हा आहे आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विसरणे गुन्हा नाही.

तरीही आक्षेप निघालेच, तर कंत्राटी कर्मचाऱ्याला आक्षेपपत्र येते. लेखी उत्तराला २० दिवस असतात. प्रत्येक परिच्छेदाला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहायचे, सुनावणी हवी असल्यास त्याच उत्तरात मागायची आणि सरेंडर सर्टिफिकेट, सातबारा, एफबारच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह जोडायच्या. न्यायाधीशांचा निकाल विरोधात गेला तर अपिलाची नोटीस १५ दिवसांत द्यावी लागते. अपिलात नवा कागद दाखल करता येत नाही, त्यामुळे जे आहे ते सुनावणीतच मांडा. अखेरचा नकार आला तर एक वर्षानंतर, पुरस्कृत करणारी कंपनी असेल तर, पुन्हा अर्ज करता येतो.

प्रश्न : नोकरी शोधण्याआधीच स्वतः पैसे भरून क्लिअरन्स काढून ठेवता येते का? ग्रीन कार्डावर चालते का? — एक वाचक, शिकागो

दोन्हींना नाही. सरकारी खाते किंवा मान्यताप्राप्त कंपनीनेच नाव पाठवावे लागते, आणि उमेदवाराला शुल्क नसते. पैसे मागणारा फसवतो आहे. क्लिअरन्स अमेरिकन नागरिकालाच मिळते. नागरिक नसलेल्याला क्वचित मर्यादित प्रवेशपरवानगी देतात, तीही विशिष्ट कामापुरती. नोकरीची तयारी म्हणून आत्ता करण्याजोगे एकच काम आहे: भारताच्या आणि इतर देशांच्या सगळ्या पासपोर्टांची पहिली व शेवटची पाने स्कॅन करून तारखांच्या क्रमाने लावून ठेवा.